हेडविकाचा हेवा

माझ्या गळ्याच्या आतल्या बाजूला क्षारांची एक पांढरट रेघ आहे. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पाणी भरायचे, विकायचे, रिकामी बाटली परत आणून पुन्हा भरायची, असे तीसएक वर्षे चालले, तेव्हा ती एवढी झाली.

मित्रांनो, बोहेमियातल्या वर्बिच्का झऱ्याचे पाणी वाहून नेणारी मी मातीची बाटली. भट्टी लालभडक तापल्यावर कुंभाराने आत मूठभर मीठ फेकले, म्हणून माझ्या अंगावर ही तपकिरी चकाकी आली. पोटावर त्याने ठसा उमटवला: 'वर्बिच्का, जगातले सर्वोत्तम पाणी'. मी त्यावर विश्वास ठेवला. पोट बिघडले की प्रागमधले डॉक्टरही माझेच नाव सांगत.

मग खोऱ्यापलीकडच्या झऱ्याची हेडविका आली. हिरव्या काचेची, सडपातळ. तिच्यातले बुडबुडे बाहेरून दिसत. माझ्यात काय दिसणार? अंधार! गिऱ्हाइके तिच्याकडे वळली, आमचा झरा बंद पडला आणि मी फिरत फिरत गावच्या संग्रहालयात आले. फळीवर शेजारी कोण, तर हेडविकाच. खोटे कशाला सांगू, तिची धूळ आधी पुसली की माझा जळफळाट होई.

दर गुरुवारी तिथे प्रांताच्या ज्ञानकोशाचे हौशी संपादक जमत. हेडविकाची नोंद त्यात कधीच झाली होती, चित्रासकट. माझी नोंद निवृत्त रसायनशिक्षिका द्राहोमिराबाईंनी लिहिली. पण ती ठेवावी की काढावी, हा वाद एप्रिलपासून लोंबकळत होता. निर्णय ज्येष्ठ संपादक राडिम यांचा. ते "पुढच्या वेळी बघू" म्हणत आणि हातातला गोड पाव संपवून निघून जात. फळीवर फक्त ज्ञानकोशात नोंद असलेल्या वस्तू ठेवत, त्यामुळे नोंद गेली, तर फळीवरची माझी जागाही जाणार होती. पुढे तळघर.

"बाई, तुमचे पुरावे कोणते?" राडिमनी एकदा विचारले. "झऱ्याच्या मालकाचं माहितीपत्रक, मालकाची जाहिरात आणि ही बाटली! नवरीचं कौतुक नवरीच्या आईनं करावं, तसलं हे. तिऱ्हाइतानं लिहिलेलं आणा."

"आणि हेडविकावर वर्तमानपत्रांनी लिहिलं, ते तिऱ्हाइतांनी? त्यांच्या घरी फुकट पेट्या पोचत होत्या!"

"अहो, झालं का पुन्हा सुरू तुमचं!"

त्या दिवशी पोटावरच्या ठशाची मला प्रथमच लाज वाटली.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी बाई एक पिवळी पडलेली पुस्तिका घेऊन आल्या.

"इतके महिने मी वेड्यासारखी नुसती स्तुती शोधत बसले," त्या म्हणाल्या. "ही घ्या निंदा."

"कुणी केलेली?"

"हेडविकाच्या झऱ्यावरच्या डॉक्टरनं. बेचाळीस पानं! वर्बिच्का गढूळ, वर्बिच्काला गंजाची चव, वर्बिच्का पिणारे अडाणी. पण शेवटी दोन्ही पाण्यांचं पृथक्करण शेजारी शेजारी छापलंय. ते आकडे पुढे तीन वैद्यकीय ग्रंथांनी घेतले. मी तिन्ही तपासले."

राडिम पाने उलटू लागले आणि हसू लागले. "हा काही तुमच्या झऱ्याचा मिंधा नव्हे, बाई. हा तर जळून कोळसा झालाय!"

मी थक्क झाले. शंभर वर्षे मी तिच्यावर जळत होते आणि खोऱ्यापलीकडे माझ्यावर कुणी तरी बेचाळीस पाने जळत होते. माझा मत्सर संपला, असे मात्र मी म्हणणार नाही. खिडकीतून ऊन आले की ती अजूनही माझ्यापेक्षा सुंदर दिसते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिने स्वतःविषयी काय म्हटले आहे, तेवढेच वाचू नका. इतरांनी काय लिहिले तेही शोधा, आणि निंदेचे कागदसुद्धा जपून ठेवा.

राडिमनी चष्मा काढला. ताटलीतल्या पावाला त्यांनी अजून हात लावला नव्हता. बाई उभ्याच होत्या.

"ठीक आहे," ते म्हणाले, "वर्बिच्काची नोंद राहील."