सुलाफाचा बाप

बैरूतची टॅक्सी एकदाची प्रवाशांनी भरली, तेव्हा हियामला हायसं वाटलं. आठवडाभर ही परदेशी पत्रकार बिर्गिट तिच्या मागे, आणि सरकारी माणूस दोघींच्या मागे, अशी वरात दमास्कसच्या गल्ल्यांतून फिरत होती. आता बाई सीमा ओलांडणार, बैरूतहून लेख पाठवणार, आणि दुभाष्याचं काम संपवून हियाम घरी तंगड्या पसरून झोपणार.

खिडकीतून बिर्गिट तिच्या कानाशी वाकली. "काळजी करू नकोस. ममदूहचं नाव मी कुठ्ठेही लिहिलेलं नाही. तो स्वतःला गमतीनं म्हणवतो ना, तेवढंच टाकलंय. अबू सुलाफा."

गाडी सुटली. हियाम जागच्या जागी थिजली.

अगं बाई, गंमत कसली! अबू सुलाफा म्हणजे सुलाफाचा बाप. इथं बापाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. कागदावरचं नाव पोलिसांना आणि सासऱ्याला ठाऊक असलं की झालं. त्यातून ममदूह रजईवाला पडला महाहट्टी. पहिली मुलगी झाली, मागून तीन मुलगे झाले, तरी यानं लावलं ते मुलीचंच नाव. गल्ली चिडवून चिडवून दमली, हा ढिम्म. अख्ख्या शहरात असा दुसरा सापडायचा नाही. आणि या शहाण्या बाईनं लपवलं काय, तर जे कुणी वापरतच नाही ते. छापायला नेलं काय, तर जे शेंबड्या पोरालाही पाठ आहे ते!

आणि तो बोलला तरी काय होता? रजईत कापूस भरता भरता एवढंच, की धाकटा भाऊ मावशीकडे गेलाय, अजून परतला नाही. मावशीकडे म्हणजे सरकारी कोठडीत, हे बिर्गिटला त्यानंच हसत हसत समजावलं होतं. लेख छापून आला की त्यालाही मावशीचं बोलावणं येणार, यात शंका नव्हती.

हियामनं फोन लावला. भिंतीला कान असतात म्हणतात. इथं त्या कानांना पगारही मिळायचा. जपून बोलायला हवं होतं.

"बिर्गिट, त्या लग्नपत्रिकेत घोळ झालाय गं."

"कसली पत्रिका?"

"तीच, जी तू छापायला नेतेयस! नवरीच्या बापाला तू जे नाव दिलंयस ना, त्याच नावानं सगळी गल्ली त्याला ओळखते."

"अगं, पण मी तर मुद्दाम बदलून—"

"गप! ऐक आधी. ती पत्रिका वाटली गेली, तर बाप रुसून मावशीकडे जाऊन बसेल. धाकट्या भावासारखा. कळलं?"

मग बिर्गिटचा आवाज आला, अगदी बारीक. "कळलं. पण हियाम, मुलीच्या नावानं मिरवणारा बाप, त्या पत्रिकेत वाचण्यासारखं तेवढंच आहे. ते काढलं तर कोण वाचणार? आणि वाचलंच नाही, तर आहेर कोण करणार?"

तिचंही खोटं नव्हतं. मावशीकडे खितपत पडलेल्यांची चौकशी बाहेरच्या जगानंच करायची होती. पण हियामचं डोकं फिरलं.

"आहेर गेला खड्ड्यात! मांडवात बाप नको का?"

उत्तर यायच्या आत डोंगर आला आणि फोन बंद पडला.

हियाम तडक रजईच्या दुकानात गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. अबू सुलाफाची सुई थांबली.

"तुझं नाव तर नाही ना त्यात, पोरी?"

"नाही, काका. पण तुम्ही कुठंतरी निघून जा!"

"आणि ही रजई कोण शिवणार? तुझा बाप?" तो म्हणाला, पण दोरा काही केल्या सुईत जाईना. "भीती वाटते गं," तो हळूच म्हणाला. "बस. चहा घे."

बाहेर कुणी नुसतं खाकरलं तरी दोघं दचकत होती. चहा तसाच निवला. दुपार कलली तेव्हा फोन वाजला. बिर्गिट बैरूतहून बोलत होती.

"फाडली पत्रिका. नवी लिहिली. बाप आता खेड्यातला कांदेवाला आहे, आणि त्याला थोरला मुलगा आहे. अगदी अळणी झालीय. आमच्याकडच्या मोठ्यांनी तोंड वाकडं केलं, शेवटच्या पानावर टाकली. झालं समाधान?"

हियाम हसायला लागली आणि हसता हसता रडायलाच लागली. "तुझ्या तोंडात साखर पडो," ती कशीबशी म्हणाली.

अबू सुलाफानं हियामकडून सगळं ऐकून घेतलं. मग त्याचा पारा चढला. "कांदेवाला? जन्म गेला माझा कापसात! आणि थोरला मुलगा? लाव तिला परत फोन!"

"काका, हात जोडते!"

तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "अरे अबू सुलाफा! झाली का माझी रजई?"

डोळे पुसून तो उठला, दारात गेला आणि भर रस्त्यावर छाती भरून ओरडला, "आलो, आलो! इथंच आहे मी!"