ताईची पोरं

माझ्या थोरल्या बहिणीच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी बहिऱ्या आहेत. त्यांच्या पृष्ठभागावरचा एक ग्राही रेणू बाहेरचा निरोप आत पोचवीत नाही; कडी वाजते, आतून ओ येत नाही. म्हणून ती सतत आजारी. त्याच पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढत्या ठेवून त्यांच्यावर औषधे तपासण्याचे काम प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी माझ्यावर सोपवले होते.

दर रविवारी ताईचा फोन येई. "काय रे, पोरं जेवली का माझी?"

"जेवली. दुप्पट झाली."

"मग माझ्यावर गेलेली नाहीत. मला दोन घास जात नाहीत."

सातव्या औषधानंतर पेशींनी ओ दिली. निरोप आत पोचल्याची खूण असलेला हिरवा उजेड पडद्यावर पसरला. तुलनेसाठी औषध न दिलेल्या पेशी अजून तपासायच्या होत्या. तेवढा धीर मला धरवला नाही. मी ताईला फोन केला.

"म्हणजे मी बरी होणार?" तिने अगदी हळू विचारले.

मी "हो" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी औषध न दिलेल्या पेशीही तशाच उजळल्या. पेशी कोणाच्या हे सांगणाऱ्या ओळख-चाचणीचा कागद वाचून मॅडमनी चष्मा काढला. "या पेशी पुरुषाच्या आहेत. आपण इथे वर्षानुवर्षे वाढवतो त्या जुन्या वाणाच्या. त्यांना निरोप औषधाशिवायही ऐकू येतो. बाटली एकच वापरलीस?"

वापरली होती. पोषकद्रवाची नवी बाटली उघडण्याच्या कंटाळ्याने आधी त्या दणकट वाणाला पाजले, मग त्याच बाटलीतून ताईच्या पेशींना. चार-दोन पेशी द्रवातून गेल्या असतील. त्यांनी तिच्या नाजूक पेशींना जागाच ठेवली नाही. तिच्या पेशी म्हणून राखून गोठवलेल्या नळ्यांतही तोच पुरुष निघाला. 'प्रत्येक वाणाला स्वतंत्र बाटली' ही सूचना भिंतीवर होती, माझ्याच वळणदार अक्षरात.

फोनवर सांगणे सोपे गेले असते, म्हणून मी घरी गेलो. ताई चादरीच्या घड्या घालत होती. मी सारे सांगितले. तो "हो" खोटा होता, हेही.

"म्हणजे इतके महिने मी परक्याच्या पोरांची खुशाली विचारत होते?" ती हसली. मग चादरीची तीच घडी तिने तीनदा मोडली. "मी आईला सांगून बसले रे, बरी होणार म्हणून."

"पुन्हा रक्त लागेल ना?" तिने बाही वर सारली. कोपराच्या खळग्यात सुयांचे जुने डाग होते. "परिचारिकेला सांग, उजव्या हाताची शीर सापडत नाही."

मी मान डोलावली. त्या हाताकडे मला पाहवले नाही. उरलेल्या चादरीचे एक टोक मी धरले.

"आईला मी सांगतो," मी म्हणालो.