ऊर्जामहाराजांचा तळहात

हातातली कामं टाकून अख्खा कारखाना लेझर कटिंग मशीनभोवती जमला होता. ऊर्जामहाराजांनी डोळे मिटले, मशीनच्या दारावर तळहात टेकला आणि म्हणाले, "अदृश्य शक्तीला अदृश्य शक्तीच ओळखते." ऑपरेटर बाईंनी बटण दाबलं. सकाळपासून रुसलेलं मशीन निमूटपणे पत्रा कापू लागलं. शेजारच्या कारखान्यातले दोघे तर महाराजांच्या पाया पडले. महाराजांनी हात काढला आणि मशीन थांबलं. शक्ती ओसरली, असं त्यांनी समजावलं.

या बाईची सावली मशीनला बाधते, तिला आजच काढा, असा महाराजांचा निकाल होता. बाईंच्या पगारावर त्यांचं घर चालत होतं. मालकांना फार वाईट वाटत होतं, आणि तरीही ते बाईंना काढणारच होते.

मशीन बसवलं तेव्हा महाराजांनी दाराच्या कडीला मंतरलेला दोरा बांधला होता. आठवड्याभरात मशीन अडू लागलं. मग प्रत्येक भेटीत नवा दोरा आला. दोऱ्यांची चांगली जाड गाठ झाली आणि मशीन जास्तच अडू लागलं. गाठीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मशीनच्या पडद्यावर 'दार उघडं आहे' असं येतं, हे बाईंनी मालकांना सांगून पाहिलं होतं. दार तर लावलेलं दिसत होतं. मशीनला काय कळतंय, म्हणून मालकांनी विषय संपवला होता.

मालकांची आत्या दातांची डॉक्टर. दवाखान्याची पाटी कापून घ्यायला आली होती, ती गर्दीत शिरली.

"महाराज, तेवढं दाराला न टेकता करून दाखवा."

महाराजांनी लांबून बराच वेळ मंत्र म्हटले. मशीन ढिम्म. मग आत्यानं दाराला पाठ टेकली आणि बाईंना खूण केली. मशीन सुरू झालं. आत्याला एकही मंत्र येत नव्हता.

"माझ्या एक्स-रेच्या खोलीचं दार नीट लागलं नाही तर एक्स-रे निघत नाही," ती म्हणाली. "इथंही तसंच असणार."

मग बाईंनी सगळ्यांना दाखवलं. मागच्या पेटीत लेझरचा उजेड तयार होतो आणि केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून कापणाऱ्या तोंडापर्यंत येतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे जाळतो. म्हणून दाराला एक स्विच असतो. दार पुरतं मिटलं नाही तर पेटी उजेड सोडतच नाही. गाठीमुळे दार अगदी बारीकशा फटीनं उघडं राहत होतं आणि महाराज ते दाबून धरत होते.

"श्रद्धा नसेल तिथं आम्ही थांबत नाही," महाराज म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

मालकांनी स्वतः कात्री घेतली. गाठ कापली. दार खट्कन बसलं. बाईंनी बटण दाबलं आणि मशीन कुणाच्याही हाताशिवाय पाटी कापू लागलं.

"चुकलं माझं, बाई," मालक सगळ्यांसमोर म्हणाले. "उद्या नेहमीसारख्या या."

"येईन," बाई म्हणाल्या. "पण यापुढे मशीन अडलं, तर कुणाला बोलवायच्या आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायचं."