चिंचेकडचा वाटा

वाटणीचा रिवाज साधा आहे. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. त्यामुळे थोरला इमानदार राहतो. रामप्रसादने इमानाने दोन वाटे पाडले. एकीकडे तीन एकर काळी, विहीर आणि विहिरीवरचा लिंब. दुसरीकडे पाच एकर मुरमाड आणि तिच्यात एक म्हातारी चिंच. धाकटा राधाकिशन त्रेचाळीस वर्षांचा, बीए झालेला, दोन लेकींचा बाप. त्याने पंचांचं बोलणंही पुरं होऊ दिलं नाही.

"चिंचेकडचा."

घरी येताच त्याची बायको बबिता म्हणाली, "आता काय पेरतावं तिथं? सोयाबीन का तूर?"

"घर बांधायचंय."

"चिंचेखाली?"

"चिंचेत."

चौथीत असल्यापासून राधाकिशनला झाडात राहायचं होतं. दोरीची शिडी, गोल खिडकी, दाराला घंटा. वहीच्या मागच्या पानावर काढलेलं ते घर त्याच्या डोक्यातून लग्नाने गेलं नाही, लेकरांनी गेलं नाही, दोनदा झालेल्या काविळीनेही गेलं नाही. पाच महिने खपून त्याने ते बांधलं. खिडकी तेवढी चौकोनी झाली, संसाराचा परिणाम.

इकडे रामप्रसादची झोप उडाली. विहीर सोडून झाड कोण घेतं? ज्याला झाडाखालचं काही ठाऊक आहे, तो घेतो. आजोबा सांगायचे, निजामाच्या काळात कुणीतरी रानात हालीच्या, म्हणजे निजामी चांदीच्या, रुपयांची हंडी पुरली. कुठे, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. रामप्रसाद पन्नाशीला आला, सोसायटीचा चेअरमन झाला, पण ती हंडी रोज सकाळी त्याच्याआधी उठायची.

सोमवारी सकाळी तो ताडकळसहून जेसीबी घेऊन आला.

"वर माणूस हाय की," ड्रायव्हर पप्पू म्हणाला.

"माणूस न्हाई, भाऊ हाय. तू खोद."

लोखंडी दात मुळांत घुसले तशी वर घंटा आपोआप वाजली. राधाकिशनने खिडकीतून आधी शिवी फेकली, मग तांब्या, मग चुलीच्या विटा, शेवटी वरवंटा. वरवंटा रामप्रसादच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज पप्पूला इंजिनावरूनही ऐकू आला.

"मला वर उचल," रामप्रसाद म्हणाला आणि उजव्या हातात कुऱ्हाड घेऊन पुढच्या बकेटात उभा राहिला. चेअरमन माणूस, पप्पूने उचललं.

पहिला घाव चौकटीत बसला, दुसरा राधाकिशनच्या मांडीत. राधाकिशनने सगळं अंग टाकून दार लोटलं. थोरल्याची दोन बोटं आत राहिली, थोरला बाहेर. रक्त पप्पूच्या काचेवर उडालं. घाबरून त्याने भलताच दांडा ओढला. बकेट फांदीवर आदळलं, आणि तीन बाजूंनी मुळं तुटलेली चिंच घर, घंटा आणि दोन्ही भावांसकट आडवी झाली.

धूळ बसली तेव्हा राधाकिशन पत्र्याखाली होता, नडगीचं हाड कातडीबाहेर. रामप्रसाद रांगत खड्ड्यापाशी गेला. खड्ड्यात मुरूम होता.

"खरं सांग," तो तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला, "हंडी कुठं लपवलीस?"

"कसली हंडी? मला झाडात ऱ्हायचं होतं, दादा."

"मग आधी सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं होतं. चौथीत."

रामप्रसादने त्याच्याकडे पाहिलं. वही त्याला आठवली. घर पाहून हसलाही तोच होता. धाकटा खरं बोलतोय, हे त्याला पटलं. म्हणजे हंडीचा ह्याला पत्ताच नाही. म्हणजे ती अजून तिथंच आहे.

"पप्पू, आजून दोन हात खाली घे."

"आधी दवाखान्यात चला की, चेअरमनसाब! गाडी बोलावलीय मी."

"ती येईस्तोवर घे."

राधाकिशन उताणा पडला होता. चिंच होती तोवर तिकडचं काही दिसत नसे. आता विहिरीवरचा लिंब सरळ दिसत होता. तीन जाड फांद्या, एका उंचीवर फुटलेल्या. मधोमध खोली सहज बसली असती.

"दादा, वाटे बदलतूस का?"

रामप्रसादने खड्ड्यावरची नजर काढली नाही. "बदलू. पर हंडी निघाली तर तुला कवडी न्हाई."

"नको. पर लिंबाला हात लावलास तर मुंडकं उडवीन."

"बरं," रामप्रसाद म्हणाला. पप्पूने दांडा ओढला.