बाराच्या घंटेची पोकळी

शुक्रवार होता, म्हणजे माझा नुसत्या पाव-पाण्याचा दिवस. सकाळपासून संगणकासमोर बसून डोळे जड झाले होते. विद्यापीठातल्या माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर म्हाताऱ्या हेर्सीलियाबाई, सगळ्यांच्या दोन्या हेर्सीलिया, लोकरीची रुआना शालीसारखी अंगाभोवती आवळून बसल्या होत्या, शेजारी त्यांची मुलगी नूबिया. दोघी माझीच वाट बघत होत्या.

आमची चाचणी तशी साधी. पडद्यावर बाण येतो. बाण ज्या बाजूला, त्या बाजूची कळ दाबायची. मध्येच शिट्टी वाजली तर मात्र निघालेला हात आवरायचा. माणसाला स्वतःला थांबवता येतं का, किती चटकन थांबवता येतं, ते यंत्र टिपून ठेवतं. तुन्हाच्या आसपासच्या डोंगरी गावांत, चर्चच्या दालनांत टेबलं मांडून आम्ही म्हाताऱ्या माणसांना त्यासमोर बसवलं होतं. संशोधनासाठी, कुणाचा आजार ठरवायला नव्हे.

पण हे नूबियाच्या गळी कोण उतरवणार? आई गावात एकटी राहते आणि चुलीवरची भांडी जाळते. तिला कायमचं बोगोताला आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं की तिच्या घरी राहू द्यायचं, हे नूबियाला आमच्या आकड्यावरून ठरवायचं होतं.

"रोसाल्बाबाई, सांगून टाका ना एकदा," आमचे डॉक्टर कामार्गो दारातून म्हणाले. "म्हातारीचे गुण अगदी तळाला आहेत. एकटी ठेवू नका म्हणावं, झालं. मला सोमवारी लेख पाठवायचाय."

"जरा नीट बघू द्या, डॉक्टर."

"तुमचं नीट बघणं म्हणजे! जपमाळेचे मणी ओढल्यासारखा एकेक बाण ओढत बसता."

खरंच होतं ते. एकेक बाणच ओढत होते. चाचणीच्या मध्यावर दोन्या हेर्सीलियांचा हात एकदम थांबला होता. बाण येत होते, जात होते, कळ दाबलेली नाही. मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. आमच्याकडे याला लक्ष उडणं म्हणतात आणि त्याचे गुण कापतात.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या चर्चची बाराची, देवाच्या आईच्या प्रार्थनेची घंटा वाजली. माझा हात माउसवरून आपसूक निघाला, डोळे मिटले, ओठ हलू लागले. लहानपणापासून ही वेळ मी चुकवलेली नाही. प्रार्थना संपली, डोळे उघडले, तर समोर पडद्यावर ती पोकळी आणि तिच्याशेजारी यंत्राने नोंदवलेली वेळ. बरोबर बारा. दुपारच्या सुमारास बसवलेल्या इतरांच्या नोंदी काढून पाहिल्या. तिथेही तसंच. सकाळी बसलेल्यांत कुठेच नाही.

देवाच्या आईचे आभार मानून मी तेवढा भाग वगळला, शेजारी कारण म्हणून 'बाराची घंटा' असं लिहिलं आणि हिशेब पुन्हा केला. गुण वर आले, पण थोडेसेच. शिट्टी वाजल्यावरही दोन्या हेर्सीलियांचा हात पुढे जात होता, इतरांपेक्षा जास्त वेळा.

नुसती घंटेची गोष्ट सांगितली असती, तर नूबिया खूश होऊन परत गेली असती आणि म्हातारी आपल्या घरी राहिली असती. पोटात काही नव्हतं आणि जीव थकला होता. तरी उठून बाहेर गेले आणि सगळं सांगितलं. घंटेचं, आमच्या चुकीचं, आणि उरलेल्या कमी गुणांचंही.

"म्हणजे आजार आहे," नूबिया म्हणाली.

"तेही यावरून म्हणता येत नाही. हे गुण आज कमी, उद्या जरा बरे, असे हलतात. पुष्कळ माणसांची सरासरी काढायला ही चाचणी ठीक आहे. एका माणसाचं घर ठरवायला नाही."

"मग रजा टाकून, बसचे धक्के खात मी आले कशाला? सांगता येत नाही, हे तर आमचा कुत्रासुद्धा सांगेल!"

"नूबिया, जीभ आवर. चर्चमधली बाई आहे ती."

"विद्यापीठातली आहे, आई."

"दोन्हीकडची असेल. मनगटाला माळ बघ की तिच्या." दोन्या हेर्सीलिया माझ्याकडे वळल्या. "पोरी, शिट्टी मला ऐकू येत होती. पण निघालेला हात मागे घेणं जिवावर यायचं. हाती घेतलेलं अर्धवट टाकू नये, असं आमच्या आईचं वळण." मग थांबून, अगदी हळू, "भांड्याचंही तसंच होतं. माळ सुरू असते आणि करपल्याचा वास येतो."

"वास येत होता तुला?" नूबियाचा आवाज चढला.

"येतो की."

"आणि तू बसून राहायचीस?"

"माळ संपेपर्यंत."

नूबियाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. याला नेम म्हणायचं की मनाचा लगाम सुटणं, हे सांगणारी चाचणी आमच्याकडे नव्हती. पण आग ती आगच.

"दोन्या हेर्सीलिया," मी म्हणाले, "चुलीसाठी उठलं तर देवाची आई रागावत नाही."

"तू उठतेस?"

खोटं बोलवेना. "नाही. पण मी आधी गॅस बंद करते, मग माळ हातात घेते."

नूबिया हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आठवडाभर राहते तुझ्याकडे. आधी चूल विझवायची, मग माळ. जमलं तर राहा तुझ्या घरी. नाही जमलं तर बोगोता, आणि तेव्हा रडायचं नाही."

"रडेन," दोन्या हेर्सीलिया रुआना सावरत उठल्या. "पण येईन."

मी आत गेले. डॉक्टर माझ्या खुर्चीमागे उभं राहून पडदा वाचत होते.

"घंटा? लेखात घंटा लिहू? तपासणारे हसतील."

"हसू द्या," मी म्हणाले आणि बसले. दुपारी बसवलेल्या सगळ्यांचे बाण पुन्हा बघायचे होते.