बर्फाचा कौल

ऐक ना रुपाली, मध्ये बोलू नकोस, आधी सगळं ऐक. त्या रविवारी सकाळी मी तोंडात ब्रश घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर आई ओट्यापाशी भाकरी थापत होती आणि माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. टाचा बाहेर, अंगठे आत, गुडघे जरासे वाकलेले. भाकरी थापताना.

"आई, कंबर धरली का?"

तिने पटकन पाय सरळ केले.

"कुठे काय. मुंग्या आल्या होत्या."

मुंग्या कसल्या. स्कीइंग करताना थांबायचं असलं ना, की पाय असेच आत वळवायचे असतात. नवशिक्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तो व्हिडिओ मीच तिला पाठवला होता, आणि तिने त्यावर फक्त हात जोडलेला इमोजी टाकला होता. मला वाटलं बघितलाच नाही.

तुला ते गाव दाखवलं होतं ना मी, ऑस्ट्रियातलं? गाड्या बंद, सगळीकडे चालत, लाकडी घरं, लहान मुलं बर्फावर लाकडी घसरगाडीत बसून घसरतायत. नवशिक्यांसाठी एक बुटका उतार आहे, वर जायला सरकता पट्टा, मॉलमधल्यासारखा. खोलीत स्वयंपाकघर, म्हणजे डाळभात करता येईल. मी सगळं जमवून ठेवलेलं, ऑफिसची रजासुद्धा. बाबा तर पहिल्या दिवसापासून तयार. भोईवाड्याच्या कोर्टातून रिटायर झाल्यापासून त्यांना काहीतरी हवंच होतं. संध्याकाळी पडद्याच्या दोन दांड्या हातात घेऊन गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायचे. शेजारच्या राधाबाई रोज विचारायच्या, "काय वसंतराव, भालदार-चोपदाराचं काम मिळालं काय नाटकात?"

आई मात्र एकच बोलायची. "तुम्ही दोघं जावा. मी घर सांभाळते." आणि मी येडी, खरं मानत होते.

त्या दिवशी भाकरी खाता खाता मी तिला सोडलंच नाही. शेवटी बोलली. लहानपणी, गावी, पोफळीची विरी असते ना, झावळीच्या बुडाचं ते जाड साल, त्यावर बसून ही टेकडीवरून खाली यायची. सगळ्या पोरांच्या पुढे. मग मोठी झाली, तसं आजीने बंद केलं. मग लग्न, मुंबई, घोडपदेव.

"इथे उतारच नाय गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळं सपाट."

आणि ताट उचलून मोरीत गेली. मी बसलेच. बाबापण बसले. आणि त्या दिवसापासून मी बघत होते, ते आईच्या पायांकडे बघायचे.

आता तिकिटं काढायची तर आमच्याकडे एक भानगड असते. कौल. तुला माहीत नसेल. गावच्या देवळात गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो, आपला प्रश्न सांगतो आणि वाट बघतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणतो. डावीकडची पडली तर नाही. बाबांनी कौलाशिवाय आयुष्यात काही केलेलं नाही. आमच्याकडे फ्रिज आला तोही कौल घेऊन. दुबईची नोकरी आली होती त्यांना तरुणपणी, डावा पडला, गेले नाहीत. आजपर्यंत त्याबद्दल हळहळ पण नाही. देव नाही म्हणाला, विषय संपला.

पण नेहमी ते स्वतः गावी जाऊन यायचे. या वेळी वेळ नव्हता, म्हणून व्हिडिओ कॉल. मी पहिल्यांदाच बघत होते. गुरव म्हणजे दौलतकाका, बाबांचे बालमित्र. त्यांनी मोबाइल मूर्तीसमोर समईला टेकवला, पाकळ्या लावल्या. इकडे बाबा चप्पल काढून, टोपी घालून पलंगावर. आई हात पुसत दारात उभी.

दौलतकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां बर्फाच्या देशात जावक बघतत. जावचा असात तर उजवो दी, नसात तर डावो दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

आम्ही तिघं त्या एवढ्याशा स्क्रीनकडे बघत होतो. किती वेळ काहीच नाही. मग टपकन एक पाकळी पडली. स्क्रीनच्या उजव्या बाजूची.

"उजवा पडला," मी ओरडलेच. "आई, उजवा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. आईने चौकट धरली होती, आणि शप्पथ सांगते, तिचे अंगठे आत वळलेले होते.

"उजवो," बाबा म्हणाले. "झाला." आणि त्यांनी लाल बटण दाबलं. ज्या माणसाला दौलतकाकांचा फोन ठेवायला अर्धा तास लागतो, त्या माणसाने.

मी कुठे एवढा विचार केला. आई आणि मी दादरला जाऊन लोकरीचे मोजे घेऊन आलो. दुकानदार म्हणाला मनालीला चाललात का, तर आई म्हणाली, "त्याच्या थोडं पुढे."

परवा मी ऑफिसात असताना दौलतकाकांचा फोन आला.

"बाय, वसंत फोन उचलना नाय. बरो असा मा?"

"बरे आहेत काका. का हो?"

"तयारी करतत म्हणान आयकलंय. अगो, डावो दिल्यान ना देवान."

मी म्हटलं, काका, आम्ही डोळ्यांनी बघितलं, उजवा होता.

"तो तुझो उजवो," ते म्हणाले. "देव आमच्याकडे तोंड करून बसता. आमचो उजवो तो देवाचो डावो. वसंताक म्हायत असा गो. ल्हान असल्यापासून माझ्या बाजूक बसान कौल बघी."

मी फोन ठेवला.

घरी आले तर बाबा गॅलरीत, दांड्या घेऊन. मी नुसतं म्हटलं, दौलतकाकांचा फोन आला होता. ते थांबले. दांड्या भिंतीला नीट टेकवल्या, एक पडली, ती परत टेकवली.

"तुझ्या आईला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू." मग म्हणाले, "आयुष्यभर ऐकलं त्याचं. एकदा नाही ऐकलं तर तो समजून घेईल. नाही घेतलं तर माझं मी बघेन."

रुपाली, बाबा. फ्रिजवाले बाबा.

मी आत गेले. आई देव्हाऱ्यासमोर बसलेली, पाठ माझ्याकडे. वाटलं रोजचा दिवा लावतेय. पण ती हळू आवाजात बोलत होती.

"चुकलंमाकलं पदरात घे. आमच्या माणसाच्या अंगावर काही येऊ देऊ नको. माझ्यासाठी खोटं बोललेत. मी गावातलीच, मला काय कौल कळत नाय? पण त्यांचं तोंड बघून नाय म्हणवलं नाय माझ्याने. आणि खरं सांगू, मला जायचंय."

मी तशीच मागे सरकले, चपलेचा आवाज न करता. दोघांनाही माहीत आहे. आणि दोघांनाही वाटतंय की दुसऱ्याला माहीत नाही. मधे मी.

तेवढ्यात बाबांनी हाक मारली, "कालिंदी, जरा ये गं बाहेर, हे पाय बरोबर होतायत काय बघ." आई डोळे पुसून गेली. मी खिडकीतून बघतेय. "असे नाय हो," ती म्हणाली, "अंगठे आत घ्या, टाचा बाहेर," आणि साडी जरा वर धरून उभी राहून दाखवलं. बाबा तिच्या बाजूला तसेच. दोघं घोडपदेवच्या सपाट गॅलरीत उतारावर थांबल्यासारखे उभे. राधाबाई पण दारात येऊन बघत राहिल्या.

आणि माझा फोन वाजला. दौलतकाका, व्हिडिओ कॉल. वर त्यांचा मेसेज आलेला, आंघोळ करून देवळात बसलोय, परत कौल लावतो, वसंताला फोनवर बसव, देव या वेळी ऐकेल पण कदाचित.

कदाचित. आणि नाही ऐकलं तर? या वेळी दौलतकाका मोठ्याने बोलणार, दोघांच्याही समोर.

एका हातात तो वाजणारा फोन, समोर लॅपटॉपवर तिकिटांचं पान उघडं, तिघांची नावं भरलेली, आणि बाहेर आई बाबांना म्हणतेय, "गुडघे वाकवा, पडणार नाय तुम्ही, मी आहे."

मी फोन तांदळाच्या डब्यावर उपडा ठेवला आणि तिकिटांचं बटण दाबलं.

तू सांग. तू असतीस तर काय केलं असतंस?