माईक सिंधूबाईंकडं हाय

मित्रांनो, मी जुना माईक आहे. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपली आहे, बुडाची पिन तुटली आहे आणि माझ्यातून आता साधं 'हॅलो' सुद्धा बाहेर पडत नाही. तरी माझी कीव करायला येऊ नका. धडधाकट होतो तेव्हा मी जेवढा कामाचा नव्हतो, तेवढा आज आहे. कसा, ते सांगतो.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे केसासारखी बारीक तार गुंडाळणाऱ्या बायका दिवसभर एकमेकींशी बोलत असत. बोलण्याची गोडी मला तिथेच लागली असावी. पुढे पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानात काचेमागे बसलो. शिरूरकडच्या मांडवगण फराटा गावातल्या गोकुळने मला तिथून उचललं. त्याच्या घरी भाजीपाला आणि झेंडूची शेती, पण त्याचा जीव स्पीकर आणि अँप्लिफायरमध्ये. तो नुकताच साउंड सर्व्हिस सुरू करत होता. फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्याने मला एसटीने गावी आणलं.

मग कामाला तोटा नव्हता. शिरूरपासून दौंडपर्यंत साखरपुडे, लग्नं, उद्घाटनं, निवडणुकीच्या सभा. माझा आवाज स्वच्छ, म्हणून लोक गोकुळला सांगत, "त्योच माईक आण बरं का." मला अभिमान वाटे.

मला सगळ्यात जास्त वेळ हातात धरलं ते बापूसाहेबांनी. बापूसाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार आणि सोसायटीचे चेअरमन. माणूस वाईट नव्हे. कुणाच्या घरी दुखणं आलं तर त्यांची गाडी आधी दारात उभी राही. पण मी एकदा त्यांच्या हातात गेलो की सुटत नसे. मी समोर बघत राही. खाली सतरंजीवर माणसं बसलेली असत. कुणाच्या तरी ओठांवर काहीतरी आलेलं दिसे, आणि टाळ्या वाजल्या की ते तिथेच विरून जाई. मी त्या माणसांपर्यंत कधी पोहोचलोच नाही.

ते बदललं शितलमुळे. शितल ही गोकुळची धाकटी बहीण. सणसवाडीला एका कंपनीत कामाला होती आणि तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. कुणी बिहारची, कुणी सोलापूरकडची. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता त्या मोबाईलवर सिनेमा बघत आणि मग त्याच्यावर बोलत बसत. कामावर जाताना शितल कानात इअरफोन घालून पुस्तकांवरच्या गप्पा ऐके. सुट्टीला घरी आली की तिला करमत नसे.

"दादा, आपल्याकडं सगळे भाषण करत्यात," ती एकदा म्हणाली. "गप्पा कुणीच मारत न्हाई. समाजमंदिर रविवारी रिकामंच असतं. तू लग्नात लावतोस त्यो पडदा, प्रोजेक्टर आन् माईक दे मला दुपारचा."

"कशाला?"

"सिनेमा बघू. पुस्तक वाचू. आन् मग एकमेकांना इचारू, काय वाटलं म्हणून."

गोकुळ हसला, पण त्याने दिलं.

पहिल्या रविवारी थोडीच माणसं आली. भेंडी, झेंडू मार्केटला पाठवणाऱ्या सिंधूबाई आल्या. टेम्पो चालवणारा आणि यशस्वी कसं व्हावं याची पुस्तकं पालथी घालणारा ज्ञानेश आला. आणि मागच्या दाराने बापूसाहेबांची नात तेजश्री आली. ती शिरूरला कॉलेजात होती. सिनेमा एका नावाड्याचा होता. जन्मभर तो लोकांना नदीपलीकडे सोडतो, पण स्वतः कधी पलीकडच्या काठावर पाय ठेवत नाही. सिनेमा संपला तसा शितलने मला सिंधूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी मला विळ्यासारखं घट्ट धरलं.

"मला काय बोलता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला कुठं जायचं होतं, हे कुणी इचारलंच न्हाई त्याला. मलाबी कुणी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर काय सांगितलं असतं, तेबी ठावं न्हाई मला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे गप्प बसून ऐकत होते. इतकी वर्षं माझ्यातून इतके शब्द गेले, पण अशी शांतता मला तोवर कधी मिळाली नव्हती.

मग दर रविवारी माणसं वाढत गेली. एकदा ज्ञानेश पोटतिडकीने बोलला, की माणसाने पहाटे उठावं, रोज वाचावं, स्वतःला सुधारावं. सिंधूबाईंनी हात पुढे करून मला मागून घेतलं आणि विचारलं, "सुधारून कुणासारखं व्हायचं, बाबा?" पुढच्या रविवारी ज्ञानेश म्हणाला, "मावशी, आठवडाभर गाडीत त्योच प्रश्न डोक्यात फिरत हुता." दुसऱ्या वेळी शितलने तत्त्वज्ञानाच्या एका पातळ पुस्तकातून प्रश्न काढला. कुणी बघत नसताना आपण जसे वागतो, तेच आपलं खरं रूप का? सिंधूबाई म्हणाल्या, "मी क्रेट भरताना वर मोठी फुलं लावते, बारकी खाली घालते. म्हंजी मी कोण मग?" सगळे हसले, त्याही हसल्या. पण त्या दिवशी घरी जाताना बरेच जण स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते.

आणि मग तेजश्रीने तिचा प्रश्न विचारला. उन्हाळ्याचे दिवस होते, दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या आणि स्पीकरचं तोंड रस्त्याकडे होतं. ती म्हणाली, "आमच्या घरी जेवताना आबा बोलतात आणि बाकीचे ऐकतात. ऐकलं म्हणजे पटलं, असं असतं का?"

समोरच्या ओट्यावर तिचे आबा, म्हणजे बापूसाहेब, चार माणसांत बसले होते. ते उठून आत आले. त्यांनी तेजश्रीच्या हातातून मला घेतलं आणि सवयीने तोंडाजवळ धरलं.

"हे गावाचं समाजमंदिर हाय. घरातली धुणी हितं धुवायची न्हाईत," ते म्हणाले. पुढच्या रविवारी दाराला कुलूप होतं.

गोकुळला त्यांनी वेगळं सांगितलं. "तुझा माईक माझ्या कार्यक्रमालाबी लागतो आन् त्या पोरींनाबी. दोन्हीकडं कसा चालंल, ते तू बघ."

गोकुळ घाबरला. समोर लग्नसराई होती आणि निम्मी कामं बापूसाहेबांच्या शब्दावर मिळत. त्याने मला पेटीत ठेवून दिलं. शितलने त्याला विचारलं, "दादा, तुला काय वाटतंय ते तरी सांग." तो म्हणाला, "मला काय वाटायचंय? मी फक्त आवाज लावतो." झाकण लागलं. त्या अंधारात मला त्याच्या या वाक्याचा फार राग आला. आवाज लावणाऱ्याला आवाज नसतो, असं कुणी ठरवलं?

महिनाभराने मला बाहेर काढलं, ते बापूसाहेबांच्या वाढदिवसाला. पुण्याहून एक व्याख्याते बोलावले होते. विषय होता 'व्यक्तिमत्त्व विकास'. छान बोलले. शेवटी म्हणाले, "प्रश्न विचारायला शिका. ज्याला प्रश्न पडतात, तोच पुढे जातो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर तेजश्री उठली, व्यासपीठावर आली आणि तिने माझ्याकडे हात केला. व्याख्यात्यांनी मला तिला दिलंही.

"सर, माझा प्रश्न..."

तेवढ्यात बापूसाहेबांनी मला ओढलं. तिने सोडलं नाही. दोघांच्या ओढाताणीत मी निसटलो आणि व्यासपीठावरून खाली फरशीवर डोक्यावर आपटलो. वायर टेबलाच्या पायात अडकली होती. पिन जागच्या जागी मोडली. स्पीकरमधून एक मोठा फाटका आवाज आला आणि मग काहीच नाही.

"फेकून दे त्यो," बापूसाहेब गोकुळला म्हणाले. "नवा बिनवायरचा घे. चांगला घे."

गोकुळने नवा घेतला. मला खिळे आणि जुन्या वायरींच्या डब्यात टाकलं. तिथून शितलने मला शोधून काढलं.

"अगं, बंद पडलाय त्यो," गोकुळ म्हणाला.

"पडू दे. आम्हाला आवाज मोठा न्हाई करायचा. बोलायचंय."

सिंधूबाईंच्या शेतात फुलं निवडायची पत्र्याची शेड आहे. रविवारी दुपारी सगळे तिथे जमले. क्रेट पालथे घालून बसले. शितलने मला मधे धरलं आणि नियम सांगितला, की ज्याच्या हातात माईक, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी त्याचं पुरतं होईस्तोवर ऐकायचं. मग त्याने माईक दुसऱ्याला द्यायचा.

मित्रांनो, मला वायर नव्हती, स्पीकर नव्हता, वीजही नव्हती. तरी मी चाललो. गावातल्या ज्या सुनांनी समाजमंदिरात तोंड उघडलं नव्हतं, त्या बोलल्या. पत्र्याखाली उकडत होतं, झेंडूचा वास भरून राहिला होता, आणि मी हातातून हातात जात होतो. कुणी मला ओढत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी गोकुळही आला आणि कडेला बसला. माझी पाळी त्याच्याकडे आली तेव्हा त्याने मला मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "मी म्हणलो हुतो, मी फक्त आवाज लावतो. ते खोटं हुतं. मला भ्या वाटत हुतं." एवढंच बोलून त्याने मला पुढच्याला दिलं.

एका रविवारी बापूसाहेब शेडच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. मी तेव्हा सिंधूबाईंच्या हातात होतो. त्या शितलने दिलेल्या एका कादंबरीबद्दल बोलत होत्या. नातवंडांकडून वाचून घेतली होती म्हणे.

"तेजू, चल घरी," बापूसाहेब म्हणाले.

तेजश्री उठली नाही. "आबा, माझा नंबर यायचाय. बोलून झालं की येते."

त्यांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि बोलायला घसा खाकरला. इतकी वर्षं त्यांनी घसा खाकरला की गोकुळ धावत जाऊन मला त्यांच्या हातात देत असे. आज तो जागेवरून हलला नाही. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज नीट निघाला.

"बापूसाहेब, माईक सिंधूबाईंकडं हाय. त्यांचं झालं की तेजश्री. मग तुमी. बसा."

बापूसाहेब बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. सिंधूबाईंनी कादंबरीबद्दलचं आपलं म्हणणं सावकाश, शेवटपर्यंत सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. मग मला तेजश्रीकडे दिलं.

"मला पुण्याला जाऊन तत्त्वज्ञान शिकायचंय," ती म्हणाली. "आबा म्हणतात, त्यानं पोट भरत नाही. भरत नसेल. मी काहीतरी काम करीन. पण मला प्रश्न पडतात, आणि ते पडायचे थांबवणं मला जमणार नाही. हे मला घरात सांगायचं होतं. घरात पुरतं बोलता येत नाही, म्हणून इथं सांगितलं."

तिने मला आजोबांपुढे धरलं. बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तुटक्या पिनेकडे पाहिलं. हात अर्धा वर आला आणि परत खाली गेला. ते वळले आणि बांधाने चालत गेले.

त्यांच्या कार्यक्रमांची कामं गोकुळला पुन्हा मिळाली नाहीत. तो आता दौंडच्या बाजूची लग्नं घेतो. जूनमध्ये तेजश्री पुण्याच्या कॉलेजात गेली. बापूसाहेबांनी हो कधी म्हटलं नाही. फक्त नाही म्हणायचं थांबवलं. समाजमंदिराचं कुलूप अजून आहे. राहू दे. शेडला दारच नाही, तर कुलूप कुठे लावणार?

परवा गोकुळ नवी पिन घेऊन आला. म्हणाला, "जोडतो, पैल्यासारखा वाजंल." शितल नको म्हणाली. मला बोलता आलं असतं, तर मीही नकोच म्हटलं असतं.

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मला तसं जपू नका. मखमलीच्या पेटीत ठेवू नका, पुसून काचेमागे मांडू नका. मला हातात घ्या. मनात आहे ते बोला, आणि बोलून झालं की शेजारच्याला द्या. कुणी मला धरून ठेवलं, तर त्याच्याकडे मला मागा. नाही दिलं, तरी पुढे केलेला हात मागे घेऊ नका.